हिंवाळ्यांतील घरप्रपंच : परभणीच्या काळ्या रानांतला एक जुना हिशेब

ज्युबिलीच्या पुस्तिकेंत पायाभरणीच्या तारखा, थोरांचीं छायाचित्रें आणि वर्गणीदारांची यादी हीं असावयाचींच, आणि संपादक मंडळीनें त्यांस योग्य तें स्थान दिलें आहे. आम्ही मात्र या पानांत चुलीपाशीं बसणार आहों. आपले आजे-पणजे ज्या मुलुखांत वाढले तेथील लोक हिंवाळा कसा काढीत, काय खात, काय पांघरीत, बाजारांतून काय आणीत आणि काय आणीत नसत, हाही इतिहासच होय. सरकारी दफ्तरांत त्याला फारशी जागा मिळालेली नाहीं, इतकेंच.

परभणी जिल्हा म्हणजे गोदावरी, दुधना आणि पूर्णा या नद्यांच्या खोऱ्यांतील काळें रान. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानांत होता. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत, आणि १९९९ च्या मे महिन्यांत त्यांतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. राज्यें बदललीं, पण ज्वारीचें पंचांग बदललें नाहीं. काळी जमीन पावसाचें पाणी पोटांत धरून ठेवते. त्या ओलीवर हस्ताच्या सुमारास रब्बीची ज्वारी पेरावयाची, थंडीवर व दंवावर ती वाढूं द्यावयाची आणि माघ-फाल्गुनांत काढावयाची, अशी येथील रीत.

यांतील मेख वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. नवें धान्य माघ-फाल्गुनांत येतें. म्हणजे मार्गशीर्ष-पौषांत मागच्या वर्षीची ज्वारी दहा महिने खाऊन तळाशीं आलेली असते. शेत हिरवेंगार आणि कणगी रिती होत चाललेली, असा तो काळ. शहरांतल्या माणसाला हिंवाळा सुगीचा व मौजेचा वाटतो. ज्वारीवर जगणाऱ्या घरांत तो मोजून खाण्याचा होता. खरिपाची बाजरी, मूग, उडीद घरांत आलेले असत. त्यांच्यावर भागवून ज्वारी नव्या पिकापर्यंत पुरवावयाची, हें काम घरधनिणीचें. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी करण्याची जी चाल आहे, तिच्या मागें हाही हिशेब असावा, असें आम्हांस वाटतें. हुरड्याचें वर्णन सर्वांच्या तोंडपाठ आहे, म्हणून विस्तार करीत नाहीं. पण कणगी तळाला गेली असतां उभ्या पिकावर घेतलेली ती उचल होती, हें सांगितलें पाहिजे.

वर्षाचें धान्य पेवांत असे. पेव म्हणजे गांवठाणांतील पांढरींत खणलेला, तोंड अरुंद व पोट मोठें असा खोल खड्डा. काळ्या जमिनींत पेव करीत नसत, कारण ती ओल धरते. आंतून कडब्याचा व भुसाचा थर लावून ज्वारी भरावी, तोंडावर दगड ठेवून मातीनें लिंपून टाकावें. मग उंदीर नाहीं कीं चोर नाहीं. कीडही वाढत नाहीं, कारण कोंडलेल्या हवेंतील प्राणवायु हळूहळू संपून जातो. त्याच कारणानें पेव उघडणें हें जिवावरचें काम होई. तोंड मोकळें करून तें बराच वेळ तसेंच ठेवीत, मग दोरीनें दिवा खालीं सोडून तो जळतो कीं विझतो हें पाहत, आणि त्यानंतरच माणूस आंत उतरे. घाईनें उतरलेला मनुष्य जिवंत वर आला नाहीं, अशा गोष्टी जुनीं माणसें सांगत.

रोजच्या खर्चाचें धान्य घरांत कणगींत, किंवा वाडा मोठा असेल तर भिंतींतच बांधलेल्या बळदांत राही. डाळी आणि बियाणें राख मिसळून अथवा कडुनिंबाचा पाला घालून मडक्यांच्या उतरंडींत ठेवीत. वरचें मडकें कोणत्या महिन्यांत उतरावयाचें आणि तळचें केव्हां, हें घरांतील एकाच व्यक्तीस ठाऊक असे. तिला अक्षरओळख नव्हती, परंतु बारा महिन्यांचा जमाखर्च तिच्या मनांत तयार असे. घरांत कितीही ओढ असली तरी बियाण्याच्या मडक्याला हात लावावयाचा नाहीं, हा दंडक तिनेंच पाळावयाचा आणि इतरांकडून पाळवून घ्यावयाचा.

पहांटेचा पहिला आवाज जात्याचा. कष्ट करणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाला अर्धा किलोच्या आसपास ज्वारी लागते असें धरलें, तर आठ माणसांच्या घरांत रोज सुमारें चार किलो दळण झालें. ज्वारीचें पीठ फार दिवस ठेवतां येत नाहीं. त्याची विरी जाते आणि भाकरी थापतांना मोडते. तेव्हां पौषाच्या थंडींत अंधारांतच उठून दोन-दोन तास दळीत बसणें आलें, आणि तें बहुधा घरांतील सुनांच्या वांट्याला येई. याच जिल्ह्यांतील गंगाखेड हें संत जनाबाईचें जन्मगांव मानलें जातें, व जात्याशीं तिचें नांव कायमचें जोडलेलें आहे. दळतांना बायका ओव्या म्हणत. फादर थॉमस स्टीफन्स यांनीं आपलें ख्रिस्तपुराण ओवी छंदांतच रचलें व १६१६ सालीं तें राचोल येथें छापलें गेलें, हें आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. अलीकडे हेमा राईरकर आणि गी प्वातव्हां यांच्या प्रयत्नानें खेड्यापाड्यांतील बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या. त्या पाहतां असें दिसतें कीं, भक्तीबरोबर माहेरची ओढ, सासरचा जाच आणि कष्टांची तक्रार यांनाही तेथें मोकळी जागा होती. जात्याचें काव्य मोठें खरें. परंतु तें बंद पडलें म्हणून हळहळणाऱ्या गृहस्थांनीं आठवडाभर स्वतः दळून पाहावें. गांवांत पिठाची गिरणी आली तेव्हां बायकांनीं जात्यासाठीं शोक केल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं.

भाजी शेतांतून येई. हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडले म्हणजे झाडाला फांद्या अधिक फुटतात. म्हणून खुडणें हें शेतीचें कामही झालें आणि स्वयंपाकाचेंही. उरलेली भाजी वाळवून उन्हाळ्याकरितां भरून ठेवीत. करडईचीं पानें कोवळीं असतांना भाजीस चालतात. पुढें तिला कांटे येतात, आणि मग ज्वारीच्या कडेनें पेरलेली तीच करडई कुंपणाचें काम करते. गुरें आंत शिरत नाहींत. पीक निघाल्यावर तिचें बीं घाण्यावर जाई, तेल घराला होई, पेंड बैलांना होई आणि राहिलेलीं काटकें चुलींत जात. हरभऱ्याच्या पानांवर रात्रीं जें आंबट दंव सांठतें त्यालाही ही बाई वायां जाऊं देत नसे. स्वच्छ धुतलेलें फडकें रात्रभर झाडांवर पसरून पहांटे तें पिळावयाचें, आणि निघालेली आंब बाटलींत भरून ठेवावयाची. अजीर्णावर व पोटदुखीवर ती पाण्यांतून थोडी थोडी देत. त्या आंबेंत मॅलिक व ऑक्झॅलिक हीं आम्लें असतात, असें रसायनशास्त्र सांगतें. बाईला तें नांव ठाऊक नव्हतें, पण किती थेंब द्यावयाचे हें ठाऊक होतें.

परभणीची थंडी कोणी कमी समजूं नये. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस येथील कृषि विद्यापीठांत पारा २ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. जुनीं घरें माळवदाचीं, भिंती हातभर जाड मातीच्या; त्यांत ऊब टिके. पांघरावयाला गोधडी व घोंगडी. लुगडें आधीं सणाला, मग रोजच्या नेसण्याला, मग गोधडीच्या थराला, मग तान्ह्या मुलाच्या दुपट्याला, आणि शेवटीं चुलीजवळचें फडकें किंवा दिव्याचा काकडा, अशी त्याची उतरती भाजणी असे. जळणास तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या. या काळ्या रानांत झाडी विरळ, तेव्हां शेण जाळणें भाग पडे. आणि शेण जाळलें कीं तेवढें खत शेताला कमी. ही ओढाताण कधींच सुटली नाहीं.

विकत काय आणीत? मीठ, लोखंड, तांब्याचें एखादें भांडें, बांगड्या, घासलेट आणि कापड. त्याला पैका लागे तो कापसाचा. १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड रेल्वे येथून धावूं लागली, आणि पुढें सेलू, मानवत, परभणी या पेठांत जिनिंगचे कारखाने निघाले. कापूस वेचण्याचा काळ हिंवाळ्याचाच. म्हणजे कणगी रिती होत असतां हातांत रोकड येई. संस्थानांत हाली सिक्का चाले, आणि सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार असा भाव असे. या रोकडीबरोबर घरांत एक नवा वाद शिरला : रानांत कापूस किती आणि ज्वारी किती? घरधन्याला कापूस प्रिय, कारण त्यानें सारा भरतां येई व सावकाराचा तगादा थांबे. घरधनिणीला ज्वारी प्रिय, कारण दाणा माणसाला आणि कडबा बैलाला. कापसांत सरकीखेरीज पोटांत जाणारें कांहीं नाहीं. आमच्या मतें या वादांत बाई अधिक शहाणी होती. परंतु शेताचा कौल देण्याचा अधिकार तिला क्वचितच मिळे. धान्याचा हिशेब तिच्याकडे आणि पेरणीचा निर्णय दुसऱ्याकडे, अशी ती वांटणी होती.

येथवर ज्या घराचें वर्णन केलें तें जमीन असलेल्या कुणब्याचें घर. त्याला स्वयंपूर्ण म्हणण्याची पद्धत आहे, पण तो शब्द आम्ही जपून वापरतों. त्या घराचीं मडकीं कुंभाराचीं, नांगर सुताराचा, मोट चांभाराची, दोर मातंग बांधवांनीं वळलेले, राखण आणि निरोप महार बांधवांकडे. खळ्यावर त्यांना बलुतें मिळे, तेंही कोणाला किती हें धन्याच्या मर्जीवर. आपल्या मराठवाड्यांतील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज या दुसऱ्या बाजूचे होते. त्यांच्या दारीं पेव नव्हतें. कुणब्याची ज्वारी पौषांत तळाला जाई, तर यांची त्याच्या कितीतरी आधीं संपलेली असे. ज्वारी काढावयास जावें आणि मजुरीचीं कणसें डोक्यावर घेऊन यावें, तोंवर भागवावें कसें, हाच त्यांचा हिंवाळा. पीक निघाल्यावर शेतांत पडलेलीं कणसें वेचण्यास सरवा वेचणें म्हणतात. रूथ बवाजाच्या शेतांत हेंच करीत होती, म्हणून तो ग्रंथ या भागांतील मंडळींना निराळा समजावून सांगावा लागत नाहीं. नाताळ नेमका या तळ लागलेल्या दिवसांत येई. त्या दिवसाकरितां पसाभर गहूं आणि गुळाचा खडा कोठेंतरी लपवून ठेवणें, हीच त्या घरांतील आईची सणाची तयारी.

हा सर्व हिशेब मोडून टाकणारीं वर्षेंही आलीं. १८९९-१९०० च्या महादुष्काळानें संस्थानचा हा भाग होरपळून निघाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं सरकारनें धान्याची सक्तीची लेव्ही बसविली, तेव्हां सांठवणीचें पेव हें लपवणुकीचेंही साधन झालें. १९७२ सालीं तर पेव, कणगी आणि उतरंड तिन्ही रितीं पडलीं. अमेरिकेंतून आलेली तांबडी मिलो आणि कामावर वांटली जाणारी सुकडी यांवर लोकांनीं दिवस काढले. ज्या बाईनें आयुष्यांत कधीं उंबरठ्याबाहेर मजुरी केली नव्हती, ती पदर डोक्यावरून घट्ट ओढून खडी फोडावयास बसली. आणि शेजारीं बसलेली बाई ही तिच्याच खळ्यावर बलुतें न्यावयास येणारी होती. दोघींना एकाच दरानें मजुरी मिळाली. या कामांतूनच पुढें महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली.

त्यानंतरचें थोडक्यांत सांगतों. १९६४ सालीं निघालेली संकरित ज्वारी तोंवर गांवोगांव पोंचली होती. १९७६ सालीं जायकवाडीच्या धरणाचें उद्घाटन झालें, आणि त्याच्या डाव्या कालव्याचें पाणी जेथें आलें तेथें गहूं व ऊंस वाढला. मागाहून सोयाबीननें ज्वारीचें पुष्कळ रान व्यापलें. रेशनच्या दुकानांतून धान्य मिळूं लागलें, धान्य ठेवावयास पत्र्याच्या कोठ्या आल्या. पेवें आधीं बंद राहिलीं, मग दगडमातीनें बुजविण्यांत आलीं, आणि त्यांच्यावर नवीं घरें उठलीं. जोराच्या पावसांत एखाद्या अंगणाची जमीन अजूनही अचानक खचते. मग घरांतील म्हातारीला बोलावतात, आणि येथें कोणाची ज्वारी असे तें ती सांगते.