मिरजेचा मालधक्का आणि सात थर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा खानापूरला आला होता. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फराळ आटोपल्यावर त्याने कॉम्प्युटर नेटवर्क्सचे जाडजूड पुस्तक माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "मामा, हे सात थर जगात कुठेच जसेच्या तसे चालत नाहीत, असं आमचे सरच सांगतात. मग आम्ही ते पाठ कशाला करायचे?"

प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. तीस वर्षांपूर्वी तो मलाही पडायला हवा होता. पण जगात खरोखर काय चालते हे कळायला आमच्याकडे तेव्हा मार्गच नव्हता. त्या रात्री मी त्याला जे सांगितले, तेच जरा सविस्तर इथे मांडतो. सीमाभागातल्या घराघरांतून आज एक तरी मूल हा विषय शिकते आहे. त्यांच्या आईवडिलांनाही त्यात आपले काही सापडेल.

मी हा विषय शिकलो १९९३-९४ साली, बेळगावात. शाळा मराठी, बाजार कन्नड आणि कॉलेज इंग्रजी, असा आमचा तिपेडी संसार. पुस्तक होते ॲमस्टरडॅमच्या अँड्र्यू टॅनेनबॉम यांचे, १९८८ ची दुसरी आवृत्ती, स्वस्त भारतीय छपाईची. वर्गात चार प्रती, त्याही हातोहात फिरून पिसे झालेल्या. फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, ॲप्लिकेशन, हे सात थर आम्ही पावकीच्या पाढ्यासारखे म्हणत असू. खाली तार, वर माणूस; मधल्या प्रत्येक थराने आपले काम करावे आणि वरच्याच्या पत्रात डोकावू नये, एवढे समजले होते.

प्रयोगशाळेत मात्र वेगळेच राज्य होते. दहा-बारा यंत्रे एका काळ्या तारेने ओळीने जोडलेली. त्यांवर नोव्हेल कंपनीची नेटवेअर प्रणाली चाले. तिची बोली आयपीएक्स. ती ना पुस्तकातली, ना पुढे जगाने स्वीकारलेली. एकदा झाडलोट करताना तारेच्या टोकाला बसवलेले एक छोटे टोपण मला निरुपयोगी वाटले आणि मी ते काढून ठेवले. क्षणात सगळी यंत्रे मुकी झाली. ते टोपण म्हणजे पन्नास ओहमचा रोधक होता. तो नसला की तारेतला संदेश उघड्या टोकावर आपटून प्रतिध्वनीसारखा माघारी येतो आणि सगळ्यांचेच बोलणे बिघडवतो. सातांपैकी पहिला थर त्या दिवशी मला खऱ्या अर्थाने कळला, बोलणी खाऊन.

आता मागे जाऊ. ही विद्या जन्मली ती बरीचशी विद्यार्थ्यांच्याच हातून. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतल्या संगणकाला 'लॉगिन' हा शब्द धाडायला घेतला. एल आणि ओ ही दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचा संगणक कोसळला. आर्पानेटचा पहिला संदेश तो एवढाच. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्टीव्ह क्रॉकर या दुसऱ्या विद्यार्थ्याने जाळ्याच्या नियमांचे पहिले टिपण लिहिले होते. कुणी थोर माणूस येऊन हे काम हाती घेईल, अशी त्या मुलांची समजूत होती. म्हणून आगाऊपणा दिसू नये यासाठी त्याने टिपणाला नाव दिले 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स', म्हणजे अभिप्रायार्थ सादर. कुणी थोर माणूस आला नाही. इंटरनेटचे नियम आजही त्याच नम्र मथळ्याखाली निघतात.

या जाळ्यातून संदेश सलग जात नाही. त्याचे लहान तुकडे होऊन जातात. त्या तुकड्याला 'पॅकेट' हे नाव इंग्लंडच्या डोनाल्ड डेव्हिस यांनी दिले. इतर भाषांतही हा शब्द ओळखीचा वाटेल ना, हे त्यांनी आधी भाषा जाणणाऱ्यांकडून तपासून घेतले होते. आपल्याला तर तो परका नाहीच; आमच्या बाजारात मराठी माणूस पाकीट म्हणतो आणि कन्नड माणूसही पाकीटच म्हणतो.

पुढे अडचण अशी आली की जाळी अनेक झाली. एक टेलिफोनच्या तारांवर, एक रेडिओवर, एक उपग्रहावर. पाकिटाचा आकार निराळा, वेग निराळा, पत्ता लिहिण्याची रीत निराळी. मे १९७४ मध्ये व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी यावर निबंध प्रसिद्ध केला. कान यांचे पहिले तत्त्व असे, की प्रत्येक जाळे आपल्या पायावर उभे राहील. दुसऱ्याशी जोडले जाण्यासाठी त्याला स्वतःच्या घरात काही बदलावे लागणार नाही. जे करायचे ते दोन जाळ्यांच्या वेशीवरच्या यंत्राने करावे. त्याला त्यांनी 'गेटवे' म्हटले. त्याने एका जाळ्याचे वेष्टण काढावे, दुसऱ्याचे चढवावे आणि आतले पाकीट पुढे धाडावे.

त्याच सुमारास दुसऱ्या बाजूने मोठी फौज निघाली होती. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९७७ साली समिती नेमली, देशोदेशीची सरकारे आणि कंपन्या बसल्या, आणि १९८४ साली सात थरांचा ओएसआय नमुना मानक म्हणून प्रसिद्ध झाला. नमुना रेखीव होता. पण तोवर, १ जानेवारी १९८३ रोजी, आर्पानेट सर्फ-कान यांच्या टीसीपी-आयपी नियमांवर गेलेही होते. विद्यापीठांतून ते फुकट मिळत होते आणि चालत होते. अमेरिकेच्या सरकारने १९९० पासून आपल्या खात्यांना ओएसआयचा आग्रह धरून पाहिला आणि १९९५ मध्ये तो सोडून दिला. टॅनेनबॉम यांनीही १९९६ च्या तिसऱ्या आवृत्तीत ओएसआय का फसले याची कारणे दिली: वेळ चुकली, रचना अवजड झाली, अंमल कच्चा राहिला आणि राजकारण नडले.

आपल्याकडे काय चालले होते? १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने 'अर्नेट' सुरू केले. पाच आयआयटी, बंगळुरूची विज्ञान संस्था, मुंबईच्या जुहूची एनसीएसटी आणि खुद्द तो विभाग, असे आठ भागीदार. मौज अशी की अर्नेटच्या कण्यावर आरंभी दोन्ही घराणी एकत्र नांदत होती, टीसीपी-आयपी आणि ओएसआय. १९९५ नंतर जवळजवळ सगळी वाहतूक पहिल्यावरच आली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने इंटरनेट सामान्य ग्राहकांना खुले केले. म्हणजे आम्ही बेळगावात परीक्षेसाठी जे घोकत होतो, त्याचा निकाल आमच्या निकालाच्या सुमारासच लागत होता, आणि आम्हाला त्याची गंधवार्ता नव्हती.

आता माझ्या तोंडी परीक्षेची गोष्ट. बाहेरून आलेले परीक्षक धारवाडकडचे, कन्नड भाषक, वयस्क. त्यांनी इंग्रजीत विचारले, गेटवे म्हणजे काय? उत्तर माहीत होते, पण इंग्रजी वाक्य काही केल्या जुळेना. घशाला कोरड पडली. या एका विषयात गेलो तर वर्ष जाणार आणि ठरलेली नोकरीही हातची जाणार, एवढेच डोक्यात. माझी दशा पाहून ते आमच्याकडच्या मराठीत म्हणाले, "तुझ्या भाषेत सांग की. मला समजतंय."

माझे आजोबा मिरजेच्या मालधक्क्यावर कारकून होते. त्या काळी मिरजेला तिन्ही मापांचे रूळ येत. पुण्याकडून रुंद रूळ, १६७६ मिलिमीटरचे, बेळगाव-लोंढ्याकडून मीटरचे, आणि पंढरपूरकडून अरुंद, ७६२ मिलिमीटरचे. एका मापाचा डबा दुसऱ्यावर चालणे शक्य नाही. तेव्हा हमाल पोती एका डब्यातून दुसऱ्यात चढवीत आणि आजोबा पोत्यावरची खूण वहीशी ताडून पाहत. पोते उघडायचे नाही, फक्त खूण वाचायची आणि योग्य डब्यात घालायचे. मी परीक्षकांना हेच सांगितले. म्हटले, "सर, गेटवे म्हणजे मिरज स्टेशन."

ते मोठ्याने हसले. मग विचारले, "आणि डबा लहान असला तर?" मी म्हणालो, "माल दोन डब्यांत घालायचा, दोन्हींवर खूण करायची, पोचल्यावर जुळवायचा." त्यांनी मान हलवली आणि पुढच्या मुलाला बोलावले. मी पास झालो. त्यांचे नाव मला तेव्हाही कळले नव्हते.

पुढे रेल्वेने १९९२ पासून देशभर एकच माप करायची योजना हाती घेतली. मिरजेचा तो खटाटोप संपला, आणि प्रवाशांच्या दृष्टीने ते बरेच झाले. इंटरनेटने मात्र उलटी वाट धरली. त्याने कुणाचे रूळ उखडले नाहीत. तार राहिली, रेडिओ राहिला, उपग्रह राहिला. नवीन आले ते काचेचे तंतू आणि हातातले फोनही सामावले. सगळ्यांनी मान्य केली ती एकच गोष्ट: पोत्यावरची खूण कशी लिहायची.

भाच्याला म्हटले, "अरे, ओएसआयचे नियम हरले, पण त्याची भाषा राहिली. आजही इंजिनिअर 'लेयर थ्रीचा बिघाड' म्हणतो, तो त्याच मोजणीतला. बँकेच्या संकेतस्थळाची ओळख पटवणारे एक्स ५०९ प्रमाणपत्र त्याच घराण्यातले. तेव्हा पाठ कर, पण पाठ करून थांबू नकोस. प्रत्येक थराला विचार, तुझं काम काय आणि कशात तू डोकावायचं नाहीस?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग पुस्तक मिटत म्हणाला, "मामा, तोंडी परीक्षेत मिरजेचं सांगितलं तर चालेल का?"

मी म्हटले, "आता मिरजेला एकच माप आहे, बाबा. तू तुझं उदाहरण शोध. पण ज्या भाषेत समजलंय, त्याच भाषेत आधी स्वतःला सांग."