कर्त्याविना कर्म : कावसजीचे नाक आणि पेशवाईतील पुणे

नारायण पेठेत आयुष्य काढलेल्या माणसालाही ही पेठ नेमक्या कोणत्या नारायणाची, हा प्रश्न क्वचितच पडतो. ती नारायणराव पेशव्यांच्या नावाची. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात त्यांची हत्या झाली, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. मराठीच्या वर्गात 'ध चा मा' हा वाक्प्रचार शिकवताना आम्ही ही कथा न चुकता सांगतो. 'धरावे'चे 'मारावे' झाले, एका अक्षराच्या फेरफाराने एक देह नाहीसा झाला, असे म्हटले की वर्ग क्षणभर स्तब्ध होतो. लिहिलेल्या शब्दाची सत्ता देहावर कशी चालते, याचे याहून ठसठशीत उदाहरण आमच्यापाशी नाही.

त्यानंतर वीस वर्षांनी पुण्याच्याच परिसरात घडलेली दुसरी एक कथा मात्र आमच्या वर्गांत सहसा येत नाही. ती देह पुन्हा घडवण्याची कथा आहे. शरीर, तंत्र आणि चित्रकला यांच्या नात्याचा विचार करू पाहणाऱ्याने तिच्याकडे वळायला हवे, असे आम्हाला वाटते.

तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७९०-९२) मराठे इंग्रजांच्या बाजूने लढत होते. इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक माणूस टिपूच्या कैदेत सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. 'कावसजी' हे नाव कानाला पारशी वाटते. वृत्तान्तात मात्र त्याची नोंद शेतकरी जातीचा मराठा अशी आहे. परक्या लिपीतून आलेले हे नाव मुळात काय असेल, याचा तर्कच करावा लागतो. वर्षभराहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला आणि मग पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले.

मराठी भाषेत नाक हा केवळ अवयव नाही. नाक कापले जाते, नाक घासले जाते, नाक मुठीत धरून शरण जावे लागते. घराण्याचे नाक असते आणि ते वर ठेवायचे असते. नाक कापणे ही शिक्षाही याच अर्थाची होती. तिने माणूस मरत नसे. त्याने रोज चारचौघांत आपली नामुष्की चेहऱ्यावर वागवावी, हाच तिचा हेतू. म्हणूनच नाक जोडून देणारी कला ही चेहऱ्याबरोबर माणसाची अब्रू जोडून देणारी कला होती.

मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज शल्यवैद्यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. तिचे वर्णन लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पत्ररूपाने प्रसिद्ध झाले. आधी मेणाची पातळ पट्टी नाकाच्या खुंटावर बसवून तिला चांगल्या नाकाचा आकार दिला जाई. मग ती पट्टी सपाट करून कपाळावर ठेवत, तिच्या कडेने रेघ ओढत आणि तेवढी त्वचा सोडवून घेत. दोन भुवयांच्या मधला एक चिंचोळा पट्टा मात्र तसाच जोडलेला राही, कारण नवे नाक जुन्या जागी रुजेपर्यंत रक्ताचा पुरवठा त्यातूनच व्हायचा. मोकळी झालेली त्वचा अर्धी पिळून खाली आणत आणि खुंटाभोवती घेतलेल्या छेदात बसवत. वर पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या चिकटवत, चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेल्या कापडाच्या घड्या ठेवत. सुमारे पंचविसाव्या दिवशी तो जोडपट्टा कापला जाई. मेण, कात, तूप, कापड : सारे साहित्य कोणत्याही घरात वा बाजारात मिळणारे.

हे सारे करणारा माणूस वृत्तान्तात फक्त विटा पाडणाऱ्या जातीचा म्हणून येतो. त्याचे नाव नाही. आम्ही भाषेचे शिक्षक असल्यामुळे आमचे लक्ष वाक्यरचनेकडे जाते. कृतीचे वर्णन बहुतांशी कर्मणी प्रयोगात आहे. मेण बसवले जाते, रेघ ओढली जाते, त्वचा जोडली जाते. वैद्यकीय लेखनात हा प्रयोग रूढ आहे, हे खरे. परंतु येथे कर्ता वाक्यातून गेला तो इतिहासातूनही गेला.

रुग्णाचा चेहरा मात्र टिकला, आणि तो चित्रकलेमुळे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार त्या वर्षांत पुण्यात काम करीत होता. नारायणरावांच्या मृत्यूनंतर जन्मलेले सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे त्याने काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. त्याच वेल्सने जानेवारी १७९४ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, कावसजीचे चित्र काढले. पुढे लंडनमध्ये त्यावरून छापचित्र निघाले. पेशवा आणि बैल हाकणारा एकाच कुंचल्यापुढे बसावेत, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. पण पेशव्याला चित्रात आणले त्याच्या पदाने. कावसजीला आणले त्याच्या नाकाने. तो तेथे माणूस म्हणून जितका आहे, तितकाच पुरावा म्हणूनही आहे.

याच पुण्यात रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी गंगाराम चिंतामण तांबट हा कलावंत वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढत होता. तांबट हे नाव कारागिराचेच. पण हा कारागीर कागदावर रेघ ओढत होता म्हणून त्याचे नाव राहिले. ज्याने तशीच अचूक रेघ जिवंत कपाळावर ओढली, त्याचे राहिले नाही. आमच्या मते त्याचे कामही मूर्तिकाराच्या जातीचे होते : आधी मेणात आकार, मग तोच आकार त्वचेत.

येथे कुणी म्हणेल की ही तर सुश्रुताची विद्या. सुश्रुतसंहितेत तुटलेले नाक जोडण्याचे वर्णन आहे, यात शंका नाही. मात्र तेथे मापासाठी झाडाचे पान आहे आणि त्वचा गालाची आहे. पुण्यात माप मेणाचे आणि त्वचा कपाळाची. हा फरक किरकोळ नाही. ग्रंथात न उतरलेला, हाताकडून हाताकडे आलेला बदल त्यात दिसतो. सारे श्रेय ग्रंथाला देऊन टाकले की तो अनाम माणूस दुसऱ्यांदा पुसला जातो. पहिल्यांदा इंग्रजी वृत्तान्तात, आता आपल्या अभिमानात.

पुढचा इतिहास वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. जोसेफ कार्प्यू याने २३ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनमध्ये याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. कपाळाच्या त्वचेने नाक घडवण्याची पद्धत आजही वापरात आहे. पण पुण्याच्या प्रसंगानंतर शंभर वर्षांच्या आतच त्याच साम्राज्याचा एक अधिकारी, हर्बर्ट रिस्ले, हिंदुस्थानातील लोकांची नाके मोजू लागला. नाकाच्या रुंदीवरून वंश आणि जातीची पायरी ठरते, असा त्याचा १८९१ च्या सुमारास मांडलेला सिद्धान्त. मानवाच्या उत्क्रांतीचे शास्त्र म्हणून तो वावरला, आज तो त्याज्य ठरला आहे. ज्या कारागीर जातीच्या हाताने नाक घडवता येते हे दाखवून दिले, तशाच जातींना नाकाच्या मापाने खाली बसवण्यात आले.

आपल्या काळात ऑर्लां या फ्रेंच कलावतीने १९९० पासून स्वतःच्या चेहऱ्यावरच्या शस्त्रक्रियांनाच कलाकृती मानले. स्टेलार्कने कोपराखालच्या हातावर कान रुजवून घेतला. देह हा अंतिम नसून बदलता येण्याजोगा आहे, हे त्यांचे म्हणणे. कावसजीला हे सांगण्याची गरज नव्हती. त्याचा देह इतरांनी बदलला होता. त्याला फक्त पूर्ववत दिसायचे होते. त्याचा तुटलेला हात तर तसाच राहिला. जायबंदी सैनिकांना कृत्रिम अवयव देणारे केंद्र पुण्यातच निघाले, ते १९४४ मध्ये, दीडशे वर्षांनी.

'ध चा मा' शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना विचारतो : अक्षर कुणी बदलले? यापुढे कावसजीचे चित्र दाखवून दुसरा प्रश्न विचारावा, असे आम्ही ठरवले आहे : या वाक्याचा कर्ता कोण?