चोर, घर आणि बंदूक



आज थोडा कायद्याचा इतिहास. कंटाळवाणा वाटेल म्हणून पान उलटू नका, विषय तुमच्या-आमच्या घराच्या दाराशी येऊन थांबणारा आहे. रात्री घरात चोर शिरला तर घरमालकाने त्याच्यावर बंदूक चालवावी का? चालवली तर कायदा काय म्हणतो?

सुरुवात मेकॉलेपासून करावी लागते. इंग्रजी शिक्षणामुळे आपल्याला तो ठाऊक असतो, पण भारतीय दंडसंहितेचा पहिला मसुदाही त्याच्याच अध्यक्षतेखाली १८३७ मध्ये तयार झाला. त्या मसुद्याच्या टिपणात एक मजेशीर विचार आहे. या देशातले लोक दरोडेखोरांपुढे फार लवकर मान तुकवतात, तेव्हा स्वसंरक्षणाच्या हक्कावर बंधनं वाढवण्यापेक्षा लोकांना प्रतिकाराची हिंमत देणं जास्त गरजेचं आहे, असं त्यात म्हटलं आहे. हा मसुदा पुढे तेवीस वर्षं रेंगाळला आणि १८६० मध्ये त्याचा कायदा झाला. त्यातली ९६ ते १०६ ही कलमं खाजगी संरक्षणाच्या हक्काची. दरोडा, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं अशा प्रसंगी हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा नाही, असं कलम १०३ सांगत होतं.

आता गंमत पहा. त्याच १८६० साली सरकारने दुसराही एक कायदा केला, शस्त्रं बाळगण्यावर नियंत्रण आणणारा आणि गरज पडेल तिथे लोकांना नि:शस्त्र करण्याचा अधिकार देणारा. सत्तावन्नचा दणका ताजा होता ना! पुढे १८७८ मध्ये लिटनने हत्यारांचा कायदा अधिक कडक केला. भारतीयाला परवाना हवा, युरोपियनाला मात्र सूट. त्याच वर्षी आलेला देशी वृत्तपत्रांवरचा कायदा रिपनने नंतर मागे घेतला, हत्यारांचा कायदा तसाच राहिला. म्हणजे एका हाताने सांगायचं, ‘चोराला प्रतिकार करा, आमची हरकत नाही,’ आणि दुसऱ्या हाताने घरातली बंदूक काढून घ्यायची! काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला, तो उगाच नव्हे.

लोकमान्यांचं १८९७ मधलं शिवाजी उत्सवातलं भाषण अनेकांना आठवत असेल. अफजलखानाच्या वधाचं समर्थन करताना त्यांनी घरात शिरलेल्या चोरांचाच दाखला दिला. त्यांना हाकलण्याचं बळ मनगटात नसेल, तर बाहेरून कडी घालून जाळून टाकायला मागेपुढे पाहू नये, अशा आशयाचं ते बोलले, आणि दंडसंहितेच्या चौकटीबाहेर येऊन गीतेच्या उंचीवरून विचार करा, असंही सांगितलं. पुढे राजद्रोहाच्या खटल्यात ‘केसरी’तला हा मजकूर त्यांच्याविरुद्ध वापरला गेला आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. टिळकांच्या मनातला चोर कोण होता हे सगळ्यांनाच कळत होतं. पण ते स्वतः कायदा शिकलेले होते. घरात कोंडलेल्या माणसाला जाळणं दंडसंहितेच्या चौकटीत बसणार नाही, हे त्यांना नक्कीच ठाऊक असणार. म्हणून तर चौकटीबाहेर या म्हणाले!

१९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. घटना समितीत १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तो राज्यघटनेत घालण्याची दुरुस्ती सुचवली. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. १९५९ मध्ये शस्त्रांचा नवा कायदा आला, इंग्रजी आमदानीतला भेदभाव गेला, परवाना मात्र कायम राहिला. आपल्याकडे स्वसंरक्षण हा हक्क आहे, बंदूक हा हक्क नाही. अमेरिकेपेक्षा आपण वेगळे आहोत ते इथे.

हे सगळं आठवायचं कारण आमचा पुतण्या. त्याने गावाबाहेर शेतात घर बांधलंय, जवळपास वस्ती नाही, पाण्याची मोटर दोनदा चोरीला गेली. परवान्यासाठी अर्ज करायचं त्याच्या मनात आहे. “काका, चोर दिसला की उडवायचा, कायदा आपल्या बाजूने आहे,” असं तो फोनवर म्हणाला. मी त्याला म्हटलं, बाबा रे, कायदा तुझ्या बाजूने आहे, पण थोडाच वेळ!

१ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या ३४ ते ४४ कलमांत हा हक्क जवळजवळ जसाच्या तसा आहे. ‘रात्री’ऐवजी ‘सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी’ असे शब्द आले. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हक्कच उरत नाही. साधी चोरी, जिच्यात जिवाची भीती नाही, तिच्यासाठी कुणाचा जीव घेता येत नाही. शेतातली मोटर उचलून पळणारा या शेवटच्या प्रकारात बसतो. घरफोडीतसुद्धा चोर घरात आहे तोवरच हक्क. तो बाहेर पडून पळू लागला की संपला. आणि स्वसंरक्षण होतं हे दाखवून देण्याची जबाबदारी गोळी झाडणाऱ्यावर.

सर्वोच्च न्यायालयाचा १९६२ चा जयदेव खटल्याचा निकाल याबाबत नेहमी सांगितला जातो. तो लिहिला आपल्या साताऱ्याच्या गजेंद्रगडकरांनी. भांडण पंजाबातल्या एका शेताचं होतं. संकटात सापडलेल्या माणसाच्या मनाचा गोंधळ न्यायालयाने लक्षात घ्यावा, त्याची कृती सोन्याच्या काट्यावर तोलू नये, असं त्यांनी मान्य केलं. पण समोरचे लोक पळू लागल्यावर झाडलेल्या गोळ्यांना मात्र माफी दिली नाही.

कायद्यातलंच एक उदाहरण मी पुतण्याला वाचून दाखवलं. एक माणूस रात्री एका घरात शिरतो. तिथे जायचा त्याला पूर्ण अधिकार आहे. घरातला दुसरा त्याला चोर समजून हल्ला करतो. कायदा म्हणतो, हल्ला करणाऱ्याने गुन्हा केला नाही, कारण समजूत प्रामाणिक होती. पण आत आलेल्यालाही स्वतःच्या बचावाचा तेवढाच हक्क आहे! दोघेही निर्दोष, आणि दोघेही एकमेकांच्या जिवावर उठलेले. पुतण्याचा मुलगा शहरात नोकरीला आहे, शेवटच्या गाडीने कधी कधी मध्यरात्री घरी येतो. पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही.

कोकणात शेतीसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुका पिढ्यान् पिढ्या घरांतून आहेत. त्यांना नावं ठेवायची नाहीत. आडरानात राहणाऱ्याची भीती शहरातल्या माणसाने हसण्यावारी नेऊ नये, हेही खरं. पण कायदा विचारतो तो प्रश्न बंदुकीबद्दल नाहीच. गोळी सुटली त्या क्षणी धोका समोर उभा होता की पाठ फिरवून चालला होता, एवढंच तो विचारतो. आणि तो क्षण अंधारात, झोपेतून उठून, एकट्याने ओळखायचा असतो. परवाना त्यासाठी मिळत नाही.

तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा. मंडळींत कुणी वकील असतील तर त्यांनी भर घालावी, स्वागतच आहे.