कुंडलिकेच्या दोन भरत्या

आमच्या गावाचे नाव अष्टमी. आणि अष्टमी ही अशी तिथी आहे, की त्या दिवशी समुद्राची भरती अगदी दुबळी असते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, हे खाडीकाठच्या पोराला कोणी शिकवावे लागत नाही. गावाच्या नावाचा या भांगाशी काही संबंध असेल असे मला वाटत नाही. परंतु आजोबांनी मला भरतीचा हिशेब शिकविला तो मात्र याच तिथीवर. तिथीची पाऊणपट करावयाची, की भरतीची वेळ आली! आठाची पाऊणपट सहा. म्हणजे अष्टमीला सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला पाणी भरणार. हा हिशेब समुद्राच्या तोंडचा. रेवदंड्याहून आत शिरून पाणी आमच्या पुलाखाली यावयाचे म्हणजे त्याला आणखी थोडा वेळ द्यावयाचा. आजोबांच्या खिशात घड्याळ होते; पण मचव्याची वेळ विचारली, की ते पंचांग पाहात.

रोहे अलीकडे आणि अष्टमी पलीकडे, मधे कुंडलिका. आम्ही अष्टमीकर म्हणतो, अष्टमी अलीकडे आणि रोहे पलीकडे. ते असो. दोन्ही काठांची पोटे भरली ती या पाण्यावर. भाताचा हा मुलूख. घाटाखालचे भात येथे गोळा व्हावयाचे आणि मचव्यांत पडून मुंबईला जावयाचे. भरतीबरोबर मचवा वर येई, ओहोटीबरोबर खाली जाई. हमाल, दलाल, तांडेल, फार काय, लग्नाचे वऱ्हाडसुद्धा पाण्याची वाट पाहात बसे. दर दिवशी भरती सुमारे पाऊण तास पुढे सरके आणि तिच्यामागून गावाची न्याहारी, जेवणे नि झोपही सरके.

या वाटेवरून मोठमोठी माणसे गेली आहेत. १६७४ च्या मे महिन्यात शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडी निघाला. तो चौलहून होडीने खाडी चढून अष्टमीला उतरला आणि पुढे निजामपुरावरून खुष्कीने गेला. इंग्रजांच्या कागदात आमच्या गावाचे नाव वाकडेतिकडे होऊन का होईना, पण उतरले आहे. महाराजांना नजर करावयाचे जिन्नस घेऊन आलेला हा साहेबदेखील आमच्याच भरतीवर अवलंबून होता, या गोष्टीचा मला लहानपणी फार अभिमान वाटे.

मग आगबोट आली. ती आमच्या दारात आली नाही. एकोणिसाव्या शतकात धरमतर-नागोठण्याच्या खाडीत तिचा फेरा सुरू झाला. आगबोटीला वारा नको आणि तिचे वेळापत्रक छापलेले. भरती-ओहोटीचा काच तिलाही होताच, पण मचव्यापेक्षा पुष्कळच कमी. पुढे मोटारींचे रस्ते झाले नि मचवे काठाला लागले. मात्र यंत्राची बोट म्हणजे निर्धोक बोट असे समजण्याचे कारण नव्हते. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन आखाडी अमावास्येला, मुंबईहून रेवसला येणारी ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. आमच्या जिल्ह्यात त्या अमावास्येचे नाव काढले की जुनी माणसे आजही गप्प होतात.

मचव्यांच्या तांडेलांविषयी लोक हळहळतात. मला मात्र अधिक आठवण येते ती कांडपिणींची, कारण त्यांच्याविषयी कोणी हळहळल्याचे मी ऐकले नाही. भात भरडून, कांडून, पाखडून त्याचा तांदूळ करावयाचा हे बायकांचे काम. घरचे घरी होई, आणि पैसेवाल्यांकडे मजुरीने होई. मजुरी बहुधा तांदळातच मिळे. कणी नि कोंडा वर. आमच्या मागल्या पडवीत पहाटे दोन बाया उखळाशी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ टाकीत. त्या ठेक्यावर मी जागा होई. पुढे एंजिनाची भातगिरणी आली. महिन्याचे कांडप ती तासात करी. आजीने पहिल्या दिवशी गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ हातात घेऊन पाहिला आणि एवढेच म्हणाली, “छान आहे, पण याला वास नाही.” त्या दोघी बाया पुढे महिनाभर येऊन पडवीत बसत आणि दुसरे काही काम आहे का, म्हणून विचारीत. आजी त्यांना काहीबाही निवडायला देई. मग त्या यावयाच्या थांबल्या. कोठे गेल्या, याची चौकशी आमच्या घराने केली नाही.

आता गंमत अशी, की हा प्रश्न दिल्लीपर्यंत पोहोचला होता. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये निघालेल्या ग्रामोद्योग संघाने हातकांडणीच्या तांदळाची बाजू घेतली. १९५५ च्या कर्वे समितीनेही तेच धोरण धरले. १९५८ साली तर भातगिरण्यांच्या नियमनाचा कायदा झाला, आणि परवाना देण्यापूर्वी या गिरणीमुळे त्या भागात मोठी बेकारी तर होणार नाही ना, हे पाहावे, असे त्यात लिहिले गेले. यंत्राला परवाना देण्यापूर्वी माणसांची चौकशी करा, असे सांगणारा कायदा! मला त्याचे मोठे अप्रूप वाटते. परंतु कायदा कागदावर राहिला आणि गिरणी गावात राहिली. १९९७ मध्ये तो रद्दही झाला. खरे सांगावयाचे तर आजीलासुद्धा पुन्हा मुसळ हाती घ्यावेसे वाटले नाही. तिच्या खांद्यांनाच ते माहीत! पण तिचे खांदे सुटले आणि त्या दोघींची चूल गेली, हे दोन्ही एकाच एंजिनाने केले.

या साऱ्याहून मोठी गोष्ट मात्र गावाच्या वर, डोंगरात घडली होती. मुळा नदी सह्याद्रीच्या माथ्यावर उगवते आणि पूर्वेला जाते. मुळा-मुठा, भीमा, कृष्णा करीत तिचे पाणी बंगालच्या उपसागराला मिळावयाचे. टाटा कंपनीने मुळशीला धरण बांधून ते पाणी पश्चिमेकडे वळविले आणि घाटाखाली भिऱ्याला सुमारे पाचशे मीटर कोसळविले. भिऱ्याचे वीजघर १९२७ साली सुरू झाले. धरणाखाली जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह आरंभिला होता. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती या लढ्यात. लढा हरला. वीज मुंबईला गेली, गिरण्यांना आणि आगगाड्यांना. तिच्या तारा कुलाबा जिल्ह्याच्या भातखाचरांवरून गेल्या आणि खाचरांचे धनी रॉकेलच्या चिमणीखाली जेवत राहिले. आमच्या घरात पहिला दिवा लागला तेव्हा मी शाळेत जाऊ लागलो होतो.

तार डोक्यावरून गेली; पण पाणी पायाशी आले. भिऱ्याला काम आटोपलेले पाणी जाणार कोठे? ते कुंडलिकेत सोडले जाते. पूर्वी होळीनंतर वरच्या अंगाला आटणारी ही नदी त्यामुळे बारमाही झाली. त्या पाण्यावर खाली आणखी एक सरकारी वीजघर चालते. कोलाडजवळ डोलवहाळच्या बंधाऱ्यावर ते अडविले आणि कालव्यांनी उन्हाळी भात पिकू लागले. पुढे धाटावला औद्योगिक वसाहत उभी राहिली, तिलाही याच नदीचे पाणी. वसाहतीने घरोघर पगार आणला हे खरे; आणि खालच्या अंगाला मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, हेही खरे. ज्या खाडीवर आजोबांचे कोळी मित्र जगले, तिच्यात आता पोराने पोहावयाचे म्हटले तर मी दोनदा विचार करीन.

म्हणजे कुंडलिकेला आता दोन भरत्या आहेत. एक समुद्रातून वर येते, ती चंद्राच्या हिशेबाने. दुसरी डोंगरातून खाली येते, ती मुंबईच्या विजेच्या मागणीने. मागणी वाढली की वर चक्रे फिरतात आणि नदी फुगते. भिऱ्याला तर उलटा चालणारा एक संचही आहे. विजेची निकड नसेल तेव्हा खालचे पाणी तो पुन्हा वर मुळशीला चढवितो. कोलाडला आज शहरी तरुण रबरी होड्या घेऊन धारेत उड्या घेतात, तेही सकाळी वरून पाणी सुटले म्हणजेच. परवा अशा एका होडीवाल्या पोराला मी विचारले, “पाणी केव्हा येणार?” त्याने खिशातून फोन काढून बोटाने दोनदा सरकविला नि वेळ सांगितली. आजोबांच्या पंचांगाची मला आठवण झाली. हिशेब त्याचाही बरोबरच होता. फक्त त्याला तो करावा लागला नव्हता.

आगगाडी आमच्याकडे फार उशिरा, १९८६ साली आली, आणि कोकण रेल्वे रोह्यापासून पुढे निघून १९९८ च्या प्रजासत्ताकदिनी सगळ्या मार्गावर सुरू झाली. २०२२ पासून तो सारा मार्ग विजेचा आहे. आता मासळीवालीच्या पाटीला चौकोनी ठिपक्यांचे चित्र चिकटविलेले असते आणि सुट्ट्या पैशांची घासाघीस संपली आहे. माझा नातू सांगतो, की आता हिशेबनीस, कारकून, भाषांतरकार यांचीही कामे यंत्र करणार. मी त्याला म्हटले, “त्या माणसांना महिनाभर पडवीत बसायला जागा तरी ठेवा रे!” त्याला ते समजले नाही; समजण्याचे कारणही नव्हते.

सध्या एक नवी कुजबुज आहे. मुळशीचे पाणी मुळात देशावरचे. भीमेच्या खोऱ्यातले लोक ते परत मागतात. त्यांचे म्हणणे चूक नाही. वीज आता उन्हापासून नि वाऱ्यापासूनही होते, मग प्यायचे पाणी डोंगरावरून खाली का लोटावे, असे ते विचारतात. मावळ्यांनी शंभर वर्षांपूर्वी हेच पाणी अडू नये म्हणून लाठ्या खाल्ल्या. त्याच पाण्यावर आमच्याकडे दोन पिढ्यांनी उन्हाळी भात लावले. पाणी परत गेले तर होळीनंतर कुंडलिका पूर्वीसारखी आटेल. कालव्याकाठच्या शेतकऱ्याला हे मी सांगितले, तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “भाऊ, पण ते पाणी त्यांचं होतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.”

वसुबारसेच्या संध्याकाळी मी पुलावर उभा होतो. तिथी द्वादशी, पाऊणपट नऊ. रोह्याच्या बाजूला दिवे लागले होते, पुलाखाली चिखल उघडा पडला होता आणि पाणी यावयाला अजून बराच अवकाश होता.