चित्रकाराचा नांगर

1885 साली लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर हा बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाने चित्रकार व्हावे, असे त्यांच्या मनात मुळीच नव्हते. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले, म्हणून मुंबई घडली. पण दोनेक वर्षांत एक उणीव उघड झाली. लक्ष्मणला काही रंग नीट ओळखताच येत नव्हते.

चित्रकारासाठी याहून मोठी अडचण कोणती? घरी परतायला हे कारण पुरेसे होते आणि कोणी त्याला दोषही दिला नसता. पण रंग हातून गेले तरी रेषा शाबूत होती. त्याने यंत्रांची रेखाटने शिकायला घेतली आणि नव्याने सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये मास्तरकी मिळवली.

नोकरी चांगली होती, शिवाय तिथली यंत्रे हाताळायला मिळत. त्याच काळात मुंबईत सायकल नजरेस पडली. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली घ्यायच्या, बेळगावला पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या विकायच्या, चालवायलाही शिकवायचे, असा उद्योग दोघा भावांनी मांडला. किर्लोस्कर समूह आपले जन्मसाल 1888 मानतो, ते या दुकानामुळे. पुढे इन्स्टिट्यूटमध्ये लक्ष्मणरावांची बढती डावलली गेली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगाव गाठून पूर्ण वेळ दुकानात उतरले. या क्रमाकडे लक्ष द्यायला हवे. राजीनाम्याची गोष्ट सांगताना आपल्याला धाडसच तेवढे दिसते. प्रत्यक्षात नोकरी सुटली तेव्हा दुकान आधीच उभे होते आणि ते सांभाळणारा भाऊही होता.

सायकलीपाठोपाठ कडबा कापायचे यंत्र आले आणि मग लोखंडी नांगर. नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. या समजाला अडाणीपणा म्हणून हिणवणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करी. लोखंडी नांगराला रोख पैसे मोजायचे आणि तो मोडला तर शेतकऱ्याने कुणाच्या दारी जायचे? एका हंगामाची पेरणी चुकली तर वर्षभर घर कसे चालवायचे? विषाच्या समजामागे अशी खरीखुरी भीती असणारच. ती समजुतीच्या चार शब्दांनी जाणारी नव्हती. शेजाऱ्याच्या रानात नांगर चाललेला पाहिल्याशिवाय कोणता शेतकरी हात घालणार होता?

नांगराला बाजार मिळू लागला, तोवर बेळगावातली कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. त्या सुमारास औंधला एका सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः उत्तम चित्रकार. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची 32 एकर माळजमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. निवडुंग आणि नागांनी भरलेल्या त्या माळावर 1910 मध्ये पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे राहायला गेली. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी ती हीच.

या वसाहतीच्या इतिहासात यंत्रांइतकीच माणसे महत्त्वाची आहेत. शंभूराव जांभेकरांनी शाळा अर्धवट सोडलेली, पण यंत्राचा कोणताही भाग ते घडवू शकत. अनंतराव फळणीकरांचेही शिक्षण अपुरेच राहिले होते आणि तेही कल्पक अभियंते ठरले. के. के. कुलकर्णी परीक्षेत नापास झालेले. वाडीत व्यवस्थापनापासून कायद्याच्या कामापर्यंत पडेल ते त्यांनी निभावले. स्वतः रामूअण्णांनी शाळा पुरी केलेली नव्हती, तरी वसाहतीची आखणी आणि कारभार त्यांच्याच हाती होता. कागद पाहून माणसे घ्यायची असती, तर यांतल्या कुणालाही वाडीत जागा मिळाली नसती.

आणि रात्रीची राखण कोणाकडे? तुकाराम रामोशी आणि पिर्‍या मांग या, दरोड्यासाठी शिक्षा भोगलेल्या दोघांकडे. ब्रिटिश कायदा जमातीच्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवत होता, त्या काळातली ही नेमणूक. धंदा बदलायला या दोघांना केवळ मनाचा निश्चय पुरला नसता. कुणीतरी विश्वासाने हाती किल्ल्या द्यायला हव्या होत्या, त्या लक्ष्मणरावांनी दिल्या. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा दंडकही त्यांचाच.

माणसाने वाट बदलावी, अशी औंध संस्थानाची हवाच असावी. लाहोरमध्ये चित्रशाळा चालवणारे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर पन्नाशीच्या आसपास औंधला आले आणि कुंचला बाजूला ठेवून वेदांच्या अभ्यासाला वाहून घेते झाले. पुढे शंभरी ओलांडेपर्यंत त्यांचे नाव वेदाभ्यासाशीच जोडलेले राहिले.

सातवळेकरांकडे लाहोरला चित्रकला शिकलेला एक तरुण किर्लोस्करवाडीत आला, तो लक्ष्मणरावांचा पुतण्या शंकरराव. कारखान्याच्या जाहिरातींची चित्रे काढता काढता त्यांनी 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती देणारे ते पत्रक बघता बघता महाराष्ट्रातले वजनदार मासिक झाले. 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ ही मासिकेही तिथूनच निघाली. नांगर आणि चरक घडवणाऱ्या वाडीतून आता बालविवाहाविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध आणि विधवांच्या बाजूने लिहिलेला मजकूर दर महिन्याला टपालाने घरोघरी जाऊ लागला.