शेणाआधीचा गोबरगॅस

गोबरगॅसच्या कुळात गाईचं शेण फार उशिरा आलं. मूळपुरुषाचा मान द्यायचा तर तो इटलीच्या आलेस्सांद्रो व्होल्टाला. विजेच्या ‘व्होल्ट’ला ज्याचं नाव आहे तोच हा. १७७६ च्या नोव्हेंबरात त्यानं माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीनं ढवळला, वर आलेले बुडबुडे भांड्यात धरले आणि ते पेटतात हे दाखवलं. हाच मिथेन. हवा न लागता काहीही कुजलं की तो तयार होतो. सावंतवाडीकडच्या पाणथळ मळ्यात पाय रुतल्यावर जे बुडबुडे फुटतात, त्यांतही तोच असतो.

चिखलानंतर पाळी आली मैल्याची. इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरात १८९५ मध्ये सांडपाण्याच्या टाकीतल्या गॅसवर दिवे लावले गेले. लगेच दोनेक वर्षांत, १८९७ च्या सुमारास, हीच युक्ती मुंबईत आली, आणि आली कुठे, तर माटुंग्याच्या बेघर महारोग्यांच्या आश्रमात. तिथल्या मैल्यातून गॅस गोळा करून तो कामाला लावला गेला. ज्यांच्या सावलीलाही लोक उभे राहत नसत, त्यांच्या वस्तीत या देशातल्या बायोगॅसचा जन्म झाला. गोबरगॅसचा इतिहास सांगताना आपण हे पान बहुधा गाळतो. शेण पवित्र, मैला नव्हे. तेव्हा वंशावळ शेणापासून सुरू केलेली बरी!

शेणाचे प्रयोग १९३९ च्या आसपास दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी केले. जशभाई पटेल यांनी १९५१ मध्ये तरंगत्या लोखंडी टाकीचा आराखडा बसवला: गॅस साठला की टाकी वर उचलली जाते, वापरला की खाली बसते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं तो देशभर नेला. सोपी आणि डोळ्यांना दिसणारी गोष्ट होती ती. पण कोकणात लोखंड टिकत नाही. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांपुढे दरवर्षी रंगाचा हात मारायचा कुणी?

तिकडे कणकवलीत अप्पासाहेब पटवर्धन वेगळ्याच टोकानं याच विषयाकडे येत होते. रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ मध्ये भंगीकाम करायला मिळावं म्हणून त्यांनी उपोषण केलं होतं. १९४८ मध्ये त्यांनी गोपुरी आश्रम उभा केला आणि मैल्याचं सोनखत करणारा ‘गोपुरी संडास’ रूढ करायचा प्रयत्न केला. त्यांचा मूळ हेतू गॅस नव्हता; माणसानं माणसाचा मैला डोक्यावरून वाहणं थांबायला हवं होतं. याच वाटेनं पुढे देहूचे डॉ. सुहास मापुसकर गेले. १९५९ मध्ये सरकारी डॉक्टर म्हणून ते देहूत आले आणि गावाला संडास वापरायला लावता लावता त्यांनी संडासाला जोडलेला बायोगॅस उभा केला. माटुंग्याचं गाळलेलं पान त्यांनी परत वहीला चिकटवलं, असं मला वाटतं. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर सरकारला गोबरगॅस एकदम आठवला. १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. चिनी घुमटाच्या धर्तीवरचं ‘जनता’ मॉडेल त्याआधीच आलं होतं, आणि १९८४ मध्ये आली त्याचीच काटकसरी आवृत्ती, ‘दीनबंधू’. यात लोखंड नाही. सगळा संच जमिनीखाली, वर विटांचा घुमट, उपड्या कढईसारखा. आमच्या कोकणात तो रुळला त्याचं मोठं कारण हेच.

पण घुमट बांधणं तरबेज गवंड्याचं काम. आमचं घर जांभ्याच्या चिऱ्याचं; चिरा सच्छिद्र, त्यातून गॅस निसटणार. म्हणून विटा आणाव्या लागतात. खाली कातळ लागला की खोदाईचा खर्च संचाच्या खर्चावर जातो, आणि पावसाळ्यात भूजल वर आलं तर रिकामी टाकी खालून उचलली जाऊन तडकते. घुमटाला आतून गिलाव्याचे आणि सिमेंटच्या घोटाईचे थर द्यायचे, कारण केसाएवढी चीर राहिली तरी सगळं मुसळ केरात. काम उरकल्यावर गवंडी घरच्या बाईला शिकवून जातो: “वयनी, शेण घट्ट घातलात तर गॅस येवचो नाय. पाणी बरोबरीन होया.” जितकं शेण तितकंच पाणी, हातानं कालवायचं, गवताच्या काड्या वेचून काढायच्या, मग कुंडीचं बूच उपसायचं. आत गेलेलं शेण चाळीसेक दिवस मुरतं. पलीकडच्या तोंडातून रबडी बाहेर येते ती माडापोफळींना.

झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठाननं आणि डॉ. प्रसाद देवधरांनी सिंधुदुर्गात असे संच हजारांच्या घरात नेले. इथे शेणाच्या गोवऱ्या थापायची रीत फारशी नव्हती. शेण गायरीत, म्हणजे खताच्या खड्ड्यात जायचं आणि चुलीत लाकूड. त्यामुळे वाचलं ते मुख्यतः जंगल, आणि पावसाळ्यात ओल्या लाकडांवर फुंकर मारणाऱ्या बाईचे डोळे. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळानं किनाऱ्यावरचे विजेचे खांब झोपवले. शेगडीखालचा गॅस घराच्या मागच्या दारीच तयार होत असेल, तर त्याला तारही लागत नाही आणि सिलिंडरची गाडीही.

आता गंमत पाहा. जॉन टिंडल यानं १८६० च्या सुमारास, वायू उष्णता किती शोषतात हे मोजताना व्होल्टाचा हा दलदली वायूही तपासला होता. पण माणसाच्या उद्योगानं वाढणारा मिथेन पृथ्वी तापवतो, हा हिशेब नीट मांडला गेला तो १९७६ मध्ये. तोवर आपला आयोग दीड दशक गोबरगॅस बांधत होता. म्हणजे दिव्यासाठी, खतासाठी, माणुसकीसाठी, परकीय चलनासाठी म्हणून जी टाकी बांधली, तिला हवामानाचं काम नंतर चिकटलं. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. जाळला की बहुतेक संकट टळतं म्हणा. मात्र गळका गोबरगॅस हा नसलेल्या गोबरगॅसपेक्षा वाईट ठरू शकतो. मोकळ्यावर वाळणाऱ्या शेणातून मिथेन थोडाच निघतो. टाकीत तो मुद्दाम तयार होतो. बंद पडलेल्या, तडकलेल्या संचांची मोजदाद अनुदानाच्या आकड्यांत येत नाही, हे मला खटकतं.

उद्याची आशादायी गोष्ट लिहिणाऱ्यांना ही टाकी फारशी मोहात पाडत नाही. रुकय्या सखावत हुसेन यांनी १९०५ मध्ये मद्रासच्या एका मासिकात ‘सुलतानाज् ड्रीम’ ही कथा लिहिली. त्यातल्या स्त्रीराज्यात धूर नसलेली स्वयंपाकघरं आहेत आणि अन्न सूर्याच्या उष्णतेवर शिजतं. किम स्टॅनली रॉबिन्सनच्या ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर’ची (२०२०) सुरुवात उत्तर प्रदेशातल्या जीवघेण्या उष्णतेच्या लाटेनं होते, आणि मग पुस्तक जगाला सावरण्याच्या वाटा शोधत जातं. दोघांकडेही सूर्य आहे, शेण नाही. रुकय्यांना मात्र नेमकं कळलं होतं की भविष्य स्वयंपाकघरातून मोजायचं असतं.

या कुळाचा पुढचा पेच शेणाचाच आहे. दोन घनमीटरच्या संचाला रोज पन्नास किलो शेण लागतं; तेवढ्यात पंधरवड्याला सुमारे एक सिलिंडर वाचतो. आमची कोकण कपिला लहान चणीची, आणि गोठे रिकामे होत चाललेत. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी यावर तोड सुचवली: गाईनं खाऊन उरलेलं जंतूंना कशाला, खरकटं आणि पिष्टमय टाकाऊच द्या. अशा खरकट्यावर चालणाऱ्या त्यांच्या छोट्या संचाला २००६ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. आमच्या सावंतवाडी-दोडामार्गात मला आशा वाटते ती काजूच्या बोंडांची. बियांच्या कितीतरी पट वजनाची बोंडं बागेतच कुजतात. सीमेपलीकडे गोव्यात त्यांची फेणी तरी होते. बोंडात साखर भरपूर, म्हणजे गॅसही भरपूर. पण एकदम घमेली ओतली की आम्ल वाढून जंतूच बसतात. शेणाच्या जोडीनं थोडी थोडी घालावी लागतील. शिवाय बोंडांचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा, आणि टाकीला जेवण रोजचं.