खोडलेला ठिपका

परवा माळ्यावरची ट्रंक आवरताना बारावीचं जर्नल हाती लागलं. पिवळी पानं, सरांची लाल सही आणि बॉईलच्या नियमाचा आलेख. सगळे ठिपके शहाण्यासारखे एका रेषेत! नीट पाहिलं तर एक ठिपका खोडरबराने पुसून रेषेवर आणून बसवलेला. काम अर्थात माझंच.

आणि मला थॉमस अँड्र्यूज आठवला. बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजात तो रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता. १८६० च्या दशकात त्याने काचेच्या अगदी बारीक नळीत कार्बन डायऑक्साइड कोंडला. खाली पारा. पोलादी स्क्रू पिळायचा, की दाब वाढायचा. शेजारच्या तशाच नळीत हवा. ती किती आक्रसली यावरून दाब काढायचा. एक तापमान धरायचं, आकडे घ्यायचे, मग दुसरं तापमान.

४८.१ अंश सेल्सिअसला वायू बराचसा बॉईलचं ऐकतो. १३.१ अंशांना मात्र एका ठरावीक दाबाशी येऊन अडतो. दाब फारसा न वाढताच आकारमान घटत जातं, कारण वायूचा द्रव होत असतो. आणि ३०.९२ अंशांच्या वर? कितीही दाबा, द्रव वेगळा दिसतच नाही! हाच तो क्रांतिक बिंदू. १८६९ मध्ये अँड्र्यूजने हे सारं रॉयल सोसायटीपुढे मांडलं.

तोवर ऑक्सिजन, हायड्रोजन यांना 'कायमचे वायू' म्हणत, कारण दाबून ते द्रव होत नव्हते. खरं तर ते पुरेसे गार केलेले नव्हते, इतकंच. १८७७ मध्ये ऑक्सिजनही वठणीवर आला. त्याआधी १८७३ मध्ये हॉलंडच्या व्हॅन डर वाल्सने आपल्या प्रबंधात कारण सांगितलं होतं: रेणू जागा व्यापतात आणि एकमेकांना ओढतातही. सुताराचा हा मुलगा तेव्हा शाळामास्तर होता. १९१० मध्ये त्याला नोबेल मिळालं.

आता माझ्या ठिपक्यात असलं काही दडलं होतं असं नाही हं! शाळेतल्या त्या दाबाला हवा बॉईलचा नियम इतका नीट पाळते, की फरक आमच्या उपकरणाला कळलाच नसता. बहुधा नळी गळत असेल, किंवा मी आकडा चुकीचा वाचला असेल.

पण नक्की काय झालं, हे आता कधीच कळणार नाही. चुकीचं काही वाटत नाही. ती का झाली हे न विचारताच मी ती पुसून टाकली, याचं वाटतं.

असो. जर्नल परत ट्रंकेत ठेवलंय. लेक पुढच्या वर्षी बारावीला जाईल, तेव्हा तिला ते पान मुद्दाम दाखवणार आहे.